घरबसल्या जुगार आणि सरकारचें कर्तव्य

द्यूताचें काय करावें, हा प्रश्न आपल्या देशांत आजचा नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत फांशांच्या नादानें घर, पत्नी आणि पत गमावलेल्या माणसाचा शोक आहे, आणि महाभारताची सारी कथा एका डावापासून वळण घेते. पुढें शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार राजाच्या दृष्टीनें केला, तेव्हां दोन परस्परविरुद्ध मतें पुढें आलीं. मनूचें मत असें कीं, राजानें आपल्या राज्यांतून द्यूताचें उच्चाटन करावें. कौटिल्याचें मत निराळें. त्यानें द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला, द्यूत एकाच ठिकाणीं चालावें असा नियम केला, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड ठेविला, खेळाचीं साधनें शुद्ध ठेवण्याचें काम अध्यक्षाकडे दिलें, आणि जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच हा राजाचा भाग ठरविला. गुप्तपणें उपजीविका करणारे लोक अशा एका जागीं सहज नजरेस पडतात, हाहि त्याचा एक हेतु होता. आज जगांतील सरकारें बंदी आणि परवाना अशा ज्या दोन पक्षांत विभागलेलीं दिसतात, त्या दोहोंचें मूळ असें फार जुनें आहे.

परंतु मनु काय किंवा कौटिल्य काय, दोघांनींहि एक गोष्ट गृहीत धरली होती. जुगाराला जागा लागते. त्या जागेवर पहारा ठेवतां येतो किंवा ती मोडून टाकतां येते. अगदीं परवापरवांपर्यंत हें गृहीत खरें होतें. जुगार खेळणाराला घराबाहेर पडावें लागे, अड्ड्याची वाट धरावी लागे, रोख पैसा बरोबर न्यावा लागे, तो संपला कीं उठावें लागे, आणि येतां जातां कोणी ओळखीचें भेटेल ही धास्ती बाळगावी लागे. अड्डाहि केव्हां तरी बंद होई. जागा, वेळ, रोख पैसा आणि लोकलज्जा हीं चार कुंपणें कोणा कायदेपंडितानें घातलेलीं नव्हतीं. तीं व्यवहारांतच होतीं. मोबाइलवरील जुगारानें हीं चारहि कुंपणें एकदम काढून टाकलीं. पत्ते, चक्र, क्रिकेटच्या सामन्यावरील पैज, सर्व कांहीं अंथरुणावर पडल्यापडल्या, मध्यरात्रीं, शेजारीं झोपलेल्या माणसाला कळूं न देतां खेळतां येतें, आणि बँकेच्या खात्यांतील पैसा एका क्षणांत निघून जातो. म्हणून आजच्या सरकारांपुढें पहिला प्रश्न आहे तो हा कीं, जीं कुंपणें पूर्वीं आपोआप होतीं, तीं आतां कायद्यानें कशीं उभारावयाचीं? बंदी करावी कीं परवाना द्यावा हा वाद महत्त्वाचा खरा, पण तो या प्रश्नाच्या मागून येतो.

यांपैकीं वेळेच्या कुंपणाचें महत्त्व किती आहे, तें थोड्याशा अंकगणितानें स्पष्ट होईल. युरोपांत रूलेटचें जें चक्र खेळतात, त्याला सदतीस घरें असतात. एका घरावर एक रुपया लावला आणि तेंच घर आलें, तर लावलेला रुपया परत मिळून वर पस्तीस रुपये मिळतात. म्हणजे सदतीस वेळां एकेक रुपया लावणाराच्या हातीं सरासरीनें छत्तीस रुपये येतात, व एक रुपया मालकाकडे राहतो. यांत लबाडी कांहीं नाहीं. चक्र अगदीं निर्दोष असलें तरीहि हेंच घडतें. आतां एखादा गृहस्थ टेबलाशीं बसून तासाला सदतीस डाव खेळतो आणि प्रत्येक डावावर दहा रुपये लावतो असें समजा. तासाभरांत तो सरासरीनें दहा रुपये हरेल. तोच दहा रुपयांचा डाव, मालकाचा तोच वांटा, पण मोबाइलवर अडीच सेकंदांना एक डाव असा वेग ठेवला, तर तासाला १,४४० डाव होतात, एकंदर १४,४०० रुपयांची उलाढाल होते, आणि सरासरी तोटा ३८९ रुपयांवर जातो. खेळाचा नियम एका अक्षरानेंहि बदलला नाहीं. केवळ वेग वाढला, आणि हानि जवळजवळ एकोणचाळीसपट झाली.

या वेगाच्या जोडीला मनुष्यस्वभावाचें एक वैगुण्य येऊन मिळतें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीं कबूतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोंच मारल्यावर दाणा केव्हां मिळेल हें अनिश्चित ठेवलें, तर तें पांखरूं थकेपर्यंत चोंच मारीत राहतें; नियमानें दाणा मिळत असला तर इतकें मारीत नाहीं. जुगाराच्या यंत्रांची रचना याच तत्त्वावर झालेली आहे. तीन चित्रें जुळावयाचीं असतां दोन जुळतात आणि तिसरें थोडक्यांत चुकतें. खेळणाराला वाटतें, आपण हरलों नाहीं, जिंकतां जिंकतां राहिलों. दहा रुपये लावून चार परत आले तरी पडद्यावर दिवे चमकतात आणि वाजंत्री वाजतात, म्हणजे सहा रुपयांचा तोटा विजयासारखा साजरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली, तींत जुगाराच्या अनावर ओढीची गणना व्यसनाधीनतेच्या विकारांत केलेली आहे. ज्याला आपण घरांत ‘उडाणटप्पू’ म्हणून मोकळे होतों, तो पुष्कळदां आजारी असतो.

येथें एक आक्षेप घेण्यांत येतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाहीं. प्रौढ मनुष्यानें स्वतःच्या कमाईचा पैसा कसा उडवावा, हें सांगणारें सरकार कोण? मनुष्य दारू पितो, शेअर-बाजारांत उतरतो, लग्नांत कर्ज काढून मेजवान्या घालतो. मग एका जुगारावरच हा रोष कां? या आक्षेपांतील सत्यांश मान्य करून मी असें म्हणेन कीं, म्हणूनच खेळणाराला गुन्हेगार ठरवूं नये. परंतु स्वातंत्र्याचा अर्थ एवढाच घेतां येईल कीं, दोन्ही पक्षांना व्यवहार कळत असावा आणि नको असेल तेव्हां उठून जातां यावें. येथें एका बाजूला प्रत्येक खेळाडूची संवय टिपून ठेवणारीं, त्याला केव्हां हांक मारावी हें जाणणारीं यंत्रें आहेत, आणि दुसऱ्या बाजूला दिवसभराच्या कामानें शिणलेला एकटा मनुष्य आहे. शिवाय जी रक्कम जाते, ती नेहमीं त्या एकट्याची नसते. मुलांची फी आणि घराचा हप्ता तींतच असतो. म्हणून नियमांचा रोख खेळणारावर न ठेवतां खेळविणारावर ठेवला पाहिजे.

पण खेळविणारा परदेशांत बसला असेल तर? या शंकेचें उत्तर योगायोगानें मुंबईच्याच एका जुन्या खटल्यांत सांपडतें. १९४८ सालीं मुंबई सरकारनें लॉटरी व बक्षिसांच्या स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. त्या काळीं बंगलोरहून निघणाऱ्या एका पत्रांतील शब्दकोड्यांची स्पर्धा मुंबई राज्यांत फार लोकप्रिय होती. १९५२ सालीं दुरुस्ती करून परराज्यांत छापल्या जाणाऱ्या पत्रांनाहि हा कायदा लावण्यांत आला, तेव्हां चालक न्यायालयांत गेले. आमचें पत्र म्हैसूर राज्यांत निघतें, मुंबईचा येथें काय अधिकार, असें त्यांचें म्हणणें. १९५७ सालीं चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, भाग घेण्याचें आमंत्रण मुंबई राज्यांतील लोकांना आहे, कोडीं व शुल्क येथें गोळा होतें, तेव्हां राज्याचा संबंध पुरेसा आहे. शिवाय जुगार हा घटनेनें संरक्षिलेल्या व्यापारांत मोडत नाहीं. म्हणजे जुगाराचें स्थळ तें, जेथें खेळणारा पैसे भरतो. ब्रिटननें २०१४ च्या कायद्यानें हेंच तत्त्व ऑनलाइन जुगाराला लावलें. कंपनी जिब्राल्टरसारख्या ठिकाणीं असली, तरी ब्रिटिश गिऱ्हाईक घ्यावयाचें असेल तर परवाना ब्रिटनचाच घ्यावा लागतो.

ब्रिटनचा अनुभव आपण विशेष लक्ष देऊन पाहिला पाहिजे, कारण परवान्याचा मार्ग किती लांबचा आहे तें त्यावरून कळतें. २००५ च्या कायद्यानें तेथें जुगार-आयोग स्थापन झाला आणि २००७ पासून जाहिरातींनाहि मोठी मोकळीक मिळाली. पुढची वीस वर्षें सताड उघडलेलें दार थोडें थोडें लोटून घेण्यांत गेलीं. दुकानांतील ज्या यंत्रांवर एका डावाला १०० पौंडांपर्यंत लावतां येत, ती मर्यादा एप्रिल २०१९ मध्यें एकदम २ पौंडांवर आणली. मार्च २०२० अखेर प्रत्येक ऑनलाइन परवानेदाराला एका सामाईक नोंदणींत सामील व्हावें लागलें. तींत आपलें नांव घालणाराला मग कोणतीहि परवानेदार कंपनी खेळूं देत नाहीं. एप्रिल २०२० मध्यें क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास मनाई झाली. ऑक्टोबर २०२१ पासून चित्रपट्ट्यांच्या ऑनलाइन खेळांत दोन डावांत किमान अडीच सेकंद जावे लागतात, यंत्राला आपण होऊन डाव खेळूं देतां येत नाहीं, आणि तोट्याला विजयाचा साज चढवतां येत नाहीं. २०२५ मध्यें याच खेळांत एका डावाची कमाल मर्यादा ५ पौंड, व पंचवीस वर्षांखालील तरुणांना २ पौंड, अशी ठरली, आणि उपचार व संशोधन यांसाठीं कंपन्यांवर सक्तीची पट्टी बसली. यांतील प्रत्येक नियम चांगला आहे. पण त्यांतील बहुतेक पहिल्या दिवसापासून असते तर कित्येक संसार वांचले असते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८६७ चा सार्वजनिक जुगाराचा कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा हे दोन्ही अड्ड्यांसाठीं लिहिलेले होते. त्यांनीं केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. पुढें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचें सांगितलें, आणि १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतींविषयींहि तसाच निर्णय दिला. मोबाइलवर पैसे लावून खेळविणाऱ्या कंपन्यांनीं आपलें सारें घर याच भेदावर बांधलें. कायद्याच्या दृष्टीनें हा भेद खरा असेल. परंतु रमींत कौशल्य लागतें म्हणून रात्रीं दोन वाजतां हरलेला पगार परत येत नाहीं. तमिळनाडूनें २०२५ च्या नियमांत मध्यरात्रीपासून पहाटे पांचपर्यंत असे खेळ बंद ठेवण्याची सक्ती केली, आणि मद्रास उच्च न्यायालयानें जून २०२५ मध्यें ती वैध ठरविली. वेळेचें मोडलेलें कुंपण पुन्हां उभारण्याचा हा सरळ प्रयत्न होय.

केंद्र सरकारनें याच्या पुढचें पाऊल टाकलें. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांविषयींचा नवा कायदा संमत केला व २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो कीं नशिबाचा, या कायद्यानें निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणाराला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाराला दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि त्यासाठीं पैशाची ने-आण करून देणाराला चालकाइतकीच शिक्षा सांगितली. खेळणाराला मात्र शिक्षा नाहीं. सरकारी अंदाज असा सांगण्यांत आला कीं, ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ पोंचली असून २०,००० कोटी रुपयांहून अधिक हानि झाली आहे. घटनेनें जुगार हा विषय राज्यांच्या यादींत घातला असल्यामुळें केंद्राच्या अधिकाराविषयीं वाद उपस्थित झाला, आणि निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील अर्ज सप्टेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आपल्याकडे घेतले.

बंदीचा मार्ग पत्करल्यावर तिची परीक्षा कशी करावयाची, हें मुंबईकरांना वेगळें सांगावयास नको. न्यूयॉर्कच्या कापूस-बाजाराचे भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्यांवर आकडा लावण्याचा धंदा चाले. १९६० नंतरच्या दशकांत तो आधार सुटला, तेव्हां चालकांनीं माठांतून चिठ्ठ्या काढून आकडे ठरविण्यास आरंभ केला आणि ‘मटका’ हें नांव रूढ झालें. १८८७ चा कायदा या सर्व काळांत पुस्तकांत होताच. तात्पर्य, एक दार बंद झालें कीं जुगार दुसऱ्या दारानें येतो. आणि मोबाइलच्या युगांत तें दुसरें दार परदेशांत असतें. तेथील चालकाला आपला शिपाई पकडूं शकत नाहीं. पण त्याला आपला पैसा हवा असतो, आणि पैसा मात्र आपल्याच बँकांतून जातो. अमेरिकेनें २००६ सालीं बेकायदा ऑनलाइन जुगाराची देणीं पोंचविण्यास बँकांना मनाई केली, ती याच विचारानें. म्हणून बंदी असो वा परवाना, सरकारचा पहिला पहारा पैशाच्या वाटेवर असला पाहिजे. भाड्यानें घेतलेल्या परक्या खात्यांतून हा पैसा फिरतो. तीं खातीं हुडकून काढण्याचें काम सतत चालू राहिलें नाहीं, तर कायदा कागदावर राहील.

दुसरा पहारा आमंत्रणावर हवा. इटलीनें २०१८ सालीं जुगाराच्या जाहिरातींवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. आपल्याकडे नामांकित खेळाडू व नट यांच्या तोंडून हें आमंत्रण कित्येक वर्षें घरोघर पोंचत होतें, आणि मुलें तें ऐकत होतीं. तिसरी गोष्ट उसनवारीची. उसन्या पैशानें डाव लावतां येऊं नये, हा नियम कोणत्याहि पद्धतींत अपरिहार्य आहे. कारण रोख संपली कीं उठणें हेंच जुन्या अड्ड्यांतील मोठें संरक्षण होतें. चौथी गोष्ट उपचाराची. खेळणाराला शिक्षा नाहीं एवढ्यावर समाधान मानतां येत नाहीं. त्याला कोठें जावें हें ठाऊक असलें पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाविषयीं सल्ला देते. पण जुगाराच्या व्यसनाला कर्जाची बाजूहि असते. तेव्हां वैद्याबरोबर कर्जाचा हिशेब लावून देणारा सल्लागारहि या व्यवस्थेंत हवा.

पांचवी गोष्ट सांगण्यास अवघड, पण टाळतां न येणारी आहे. ती म्हणजे सरकारचा स्वतःचा लोभ. महाराष्ट्र सरकारनें १९६९ सालीं स्वतःची लॉटरी सुरू केली. १९७६ सालीं कॅसिनोंवर नियंत्रण ठेवण्याचा कायदा केला, तो कधीं अमलांत आणला नाहीं, आणि २०२३ मध्यें रद्द करून टाकला. गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील कॅसिनोंपासून सरकारला उत्पन्न मिळतें; पण फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना मात्र तेथें खेळण्यास मनाई आहे. जें आपल्या माणसांना घातक म्हणून वर्ज्य, तें पाहुण्यांना वाढावयास हरकत नाहीं, असा त्याचा अर्थ होतो. ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन खेळांत लावलेल्या संपूर्ण रकमेवर शेंकडा २८ कर बसला, तेव्हांहि त्याला नियंत्रण समजण्याची चूक अनेकांनीं केली. कर म्हणजे नियंत्रण नव्हे. ज्या खजिन्याला हरणारांच्या पैशाची संवय लागली, तो हरणारांची संख्या कमी व्हावी अशी इच्छा मनापासून करूं शकत नाहीं. म्हणून जुगाराच्या नियंत्रणाचा अधिकार महसुलाच्या खात्याकडे न देतां स्वतंत्र मंडळाकडे असावा, आणि किती कर मिळाला यापेक्षां किती माणसें कर्जांत बुडालीं व किती सावरलीं, याचा वार्षिक अहवाल त्या मंडळानें प्रसिद्ध करावा.

माझ्या मतें आपल्या देशानें आज बंदीचा पक्ष घेतला, तो परिस्थिति पाहतां समर्थनीय आहे. वेगाला मर्यादा, खेळाडूची ओळख, वगळणीची नोंद यांपैकीं कांहींच देशभर सिद्ध नसतां धंदा आधीं वाढला आणि नियम मागून आले. पण ही बंदी प्रामाणिक ठरावयाची, तर पैशाची वाट, आमंत्रण आणि उपचार या तिन्ही ठिकाणीं सरकारनें खर्च व कष्ट केले पाहिजेत. आणि पुढेंमागें न्यायालयाच्या निर्णयानें किंवा संसदेच्या इच्छेनें परवान्याचा मार्ग घ्यावा लागला, तर ब्रिटननें वीस वर्षांनीं जेथें मुक्काम केला तेथूनच आपण प्रवासास आरंभ करावा. तोंपर्यंत कुटुंबांनींहि एक गोष्ट करावी. घरांतील कोणी हरल्याची कबुली दिली, तर त्याचें कर्ज मुकाट्यानें फेडून प्रकरण झांकूं नये, आणि त्याला घराबाहेरहि घालवूं नये. पैशाचा व्यवहार कांहीं काळ दुसऱ्याच्या हातीं द्यावा, आणि त्याला वैद्याकडे न्यावें. लपविलेल्या जुगाराला नवे डाव फार लवकर सुचतात. उघड झालेल्या जुगाराला निदान उपाय करतां येतो.